सविनय कायदेभंग नैतिकदृष्ट्या कधी योग्य ठरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायदा अन्यायाचा आहे अशी मनोमन खात्री पटली, तर तो मोडावा का? राजकीय तत्त्वज्ञानात या प्रश्नावर अडीच हजार वर्षं वाद चालू आहे. या विषयाची चर्चा निघाली की जे प्रश्न हमखास पुढे येतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं तटस्थ नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्या मते कायदेभंगाचं समर्थन मोडणाऱ्याच्या मनातल्या खात्रीवर उभं राहत नाही. ज्यांच्यासोबत आपण राहतो त्या माणसांना जाब द्यायला तो किती तयार आहे, यावर ते उभं राहतं. हे मत सगळ्या विचारवंतांना मान्य नाही, आणि त्यांचे आक्षेप जिथल्या तिथे दिले आहेत.

सविनय कायदेभंग नेमकं कशाला म्हणायचं?

सगळ्यात जास्त वापरली जाणारी व्याख्या अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांची, १९७१ सालची. कायदा किंवा सरकारी धोरण बदलावं म्हणून, उघडपणे, हिंसा न करता आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून केलेली बेकायदेशीर राजकीय कृती, असा तिचा आशय आहे. त्यातल्या ‘राजकीय’ या शब्दाकडे नीट पाहावं. कृती करणारा बहुसंख्य समाजाला उद्देशून काही सांगत असतो: न्यायाची जी तत्त्वं आपण सगळेच मानतो म्हणतो, त्यांना हा कायदा धरून नाही.

मराठी शब्दाबद्दलही बोलायला हवं. ‘सिव्हिल’ या मूळ इंग्रजी विशेषणाला दोन अर्थ आहेत, सभ्य आणि नागरी. ‘सविनय’ म्हटलं की नम्रपणाचा अर्थ तेवढा पुढे येतो आणि नागरिकत्वाचा अर्थ मागे राहतो. मग वाद भलतीकडे जातो. आंदोलकांनी आवाज चढवला का, घोषणा उद्धट होत्या का, यावरच सगळे बोलत बसतात. नागरिक म्हणून इतर नागरिकांशी असलेलं बोलणं त्यांनी तोडलं की चालू ठेवलं, हे कुणी विचारत नाही.

मुळात कायदा पाळायचं नैतिक बंधन असतं का?

सगळ्या विषयाचा पाया इथे आहे. हे बंधन नसेल तर कायदा मोडण्यासाठी वेगळं समर्थन द्यायची गरजच उरत नाही.

इसवी सनपूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिस देहदंडाची वाट पाहत होता. मित्र क्रिटो पळून जायची सगळी तयारी करून आला. सॉक्रेटिस म्हणाला, समजा आत्ता नगराचे कायदेच आपल्यासमोर येऊन उभे राहिले, तर ते काय म्हणतील? ते म्हणतील की तुला आम्ही वाढवलं, शिकवलं. तुला नगर सोडून जायची मोकळीक होती. सत्तर वर्षं तू इथेच राहिलास, म्हणजे आमच्याशी केलेला करार तुला मान्य होता. आता एकेका माणसाने निकाल धाब्यावर बसवायचं ठरवलं तर नगर टिकेल का? उपकार, संमती आणि परिणाम हे तिन्ही युक्तिवाद या एका प्रसंगात आहेत, आणि पुढच्या विचारवंतांनी बराच काळ त्यांच्यावरच काम केलं.

संमतीच्या मुद्द्यावर सगळ्यात नेमका घाव डेव्हिड ह्यूम यांनी १७४८ मध्ये घातला. झोपेत एखाद्याला उचलून जहाजावर नेऊन ठेवलं आणि मग म्हटलं की जहाजावर राहिलास म्हणजे कप्तानाची सत्ता तू मान्य केलीस, उतरायचं तर समोर समुद्र आहेच, तर त्याला संमती म्हणता येईल का? गरीब माणूस देश सोडून कुठे जाणार? संमतीच्या या अडचणीतून वाट काढायला एच. एल. ए. हार्ट यांनी १९५५ मध्ये न्याय्य वाट्याचा विचार मांडला: सगळ्यांनी बंधनं पाळल्यामुळे होणारा फायदा मी घेत असेन, तर माझ्या वाट्याचं बंधन मीही पाळलं पाहिजे. रॉल्स यांनी पुढे न्याय्य संस्थांना आधार देण्याच्या नैसर्गिक कर्तव्याचा मुद्दा आणला. ए. जॉन सिमन्स यांनी १९७९ मध्ये यातला एकेक युक्तिवाद तपासला आणि निष्कर्ष काढला की सर्व नागरिकांना सर्व कायदे पाळायला बांधून घालेल असा एकही युक्तिवाद टिकत नाही.

मला सिमन्स बरेचसे पटतात. पण त्यावरून हवं तसं वागायची मुभा मिळते असं कुणी म्हटलं तर ते पटत नाही. पूल अडवला तर पलीकडे दवाखान्यात निघालेली बाई अडकते. तिचं माझं काही देणंघेणं आहे की नाही, याचं उत्तर सरकारच्या अधिकारावर अवलंबून नाही. कायदा पाळायचं सरसकट बंधन नसलं, तरी माझ्या कृतीची झळ ज्यांना बसते त्यांच्यापुढे कारण मांडायचं बंधन उरतंच.

सॉक्रेटिसला निमूटपणे कायदा पाळणारा माणूस म्हणून पुढे करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अथेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या तीस हुकूमशहांच्या राजवटीत त्याला आणि आणखी चौघांना सलामिसच्या लिऑनला पकडून आणायचा हुकूम झाला होता. लिऑनला मारायचं ठरलेलं होतं. बाकीचे चौघे गेले. सॉक्रेटिस सरळ घरी निघून गेला.

साध्या गुन्ह्यात आणि यात फरक काय?

चोराला वाटतं की कायदा सगळ्यांनी पाळावा आणि आपल्याला तेवढी सूट मिळावी. कायदेभंग करणाऱ्याला स्वतःपुरती सूट नको असते. तो कायदाच सगळ्यांसाठी बदलावा, असं त्याचं म्हणणं असतं. म्हणून एक पकडलं जाण्याची भीती बाळगतो आणि दुसरा आधी कळवून येतो. मिठाचा कायदा मोडण्यापूर्वी, २ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून आपण काय करणार आहोत ते सांगितलं होतं. १२ मार्चला ते निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मीठ उचललं. अडवायचं असतं तर सरकारला तीन आठवड्यांहून जास्त वेळ होता.

‘माझ्या मनाला पटत नाही’ एवढं कारण पुरेसं आहे का?

हात आखडून घ्यायला कधीकधी पुरतं, पण इतरांना हाक घालायला पुरत नाही.

हेन्री डेव्हिड थोरो यांनी गुलामगिरी आणि मेक्सिकोवरचं युद्ध यांना आपला पैसा लागू नये म्हणून कर भरला नाही, आणि जुलै १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. दुसऱ्याच कुणीतरी कर भरून टाकल्यामुळे ते सुटले. त्यांचा मुद्दा होता की अन्यायाचं हत्यार मी बनणार नाही. अशा कृतीला रॉल्स विवेकबुद्धीने दिलेला नकार म्हणतात आणि कायदेभंगापासून ती वेगळी ठेवतात. १९६७ मध्ये सैन्यभरतीला नाही म्हणणारे मुहम्मद अली हेही याच रांगेतले. त्यांचं मुष्टियुद्धाचं विजेतेपद गेलं, ऐन उमेदीची तीनहून जास्त वर्षं गेली, आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली.

हाना आरेंट यांनी १९७० मध्ये यावर बोट ठेवलं. विवेकबुद्धी खाजगी असते. ती ‘मी स्वतःसोबत राहू शकेन का’ एवढंच विचारते, आणि एकाची विवेकबुद्धी दुसऱ्याला बांधत नाही. कायदेभंग हे संघटित अल्पमताचं काम आहे. त्यात माणसं एकत्र येतात, एकमेकांना पटवतात, आणि ‘मला नको’ याच्या पुढे जाऊन ‘आपल्याला हे नको’ असं म्हणतात. आरेंट थोरोंच्या बाबतीत जरा जास्तच कडक आहेत, कारण एकट्या माणसाचा नकारही पुढे हजारोंना वाट दाखवू शकतो. तरीही हा फरक डोळ्यांआड करू नये.

रॉल्स यांच्या अटी कोणत्या, आणि त्या पटतात का?

एक, अन्याय ढळढळीत आणि गंभीर हवा, विशेषतः समान स्वातंत्र्यावर घाला घालणारा. दोन, सनदशीर मार्गांनी प्रामाणिक प्रयत्न होऊन ते फसलेले हवेत. तीन, अशाच कारणाने अनेक गट एकाच वेळी कायदेभंगावर उतरणार असतील तर सगळी व्यवस्था कोसळू नये म्हणून त्यांनी आपापसात समजुतीने घ्यावं.

दुसऱ्या अटीचा गैरवापर सर्वाधिक होतो. अर्ज द्या, पुन्हा अर्ज द्या, समिती नेमली आहे, अहवाल येऊ द्या. हे कधीच संपत नसेल तर शेवटचा उपाय करायची वेळही कधी येत नाही. रॉल्स यांना हे ठाऊक होतं. बहुसंख्याकांनी दगडासारखं मख्ख राहायचं ठरवलंय हे आधीच्या अनुभवावरून दिसत असेल, तर पुन्हा नव्याने सगळे दरवाजे ठोठावायची गरज नाही, असं ते मानतात. ही सवलत लोक सांगत नाहीत, अट तेवढी सांगतात.

त्यांच्या मांडणीतली खरी अडचण दुसरी आहे. हा सगळा विचार ‘जवळजवळ न्याय्य’ समाजासाठी केलेला आहे. असा समाज म्हणजे नेमका कोणता? ज्या अमेरिकेत कृष्णवर्णीयांना बसमध्ये मागे बसवत होते, मतदानाला गेलं तर घर जाळत होते, ती जवळजवळ न्याय्य होती का? वरच्या मजल्यावरून समाज न्याय्य दिसतो आणि तळघरातून दिसत नाही. समर्थनाच्या अटी लिहिताना आपण कुठल्या मजल्यावर उभे आहोत, ते आधी पाहायला हवं.

लोकशाहीत मतपेटी आहे, न्यायालयं आहेत. मग कायदा मोडायचा कशाला?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि तो सगळ्यात ठामपणे मांडणाऱ्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत ते म्हणाले की सनदशीर मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हा असनदशीर मार्गांना पुष्कळ समर्थन होतं. आता मार्ग खुले झाल्यावर कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह सोडून दिले पाहिजेत. या पद्धतींना त्यांनी अराजकाचं व्याकरण म्हटलं. हे वाक्य आंदोलकांच्या तोंडावर फेकणारे त्याचा पहिला अर्धा भाग गाळतात. बाबासाहेबांच्या युक्तिवादात एक अट आहे: मार्ग खरोखर खुले असणं. त्याच भाषणात सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच राहिली तर ती सोसणारे लोक लोकशाहीचा डोलाराच उडवून देतील, असा इशाराही त्यांनी दिला होता.

म्हणजे प्रश्न दरवाजाचा आहे. तो उघडा आहे, की नुसता रंगवलेला आहे? मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात हेच विचारलं होतं. ज्या अल्पसंख्य समाजाला मतदानच करू दिलं नाही त्याच्यावर लादलेला कायदा लोकशाहीने केला असं कसं म्हणायचं? आणि बहुमत स्वतः पाळणार नाही ते अल्पमतावर लादत असेल, तर तो कायदा अन्यायाचाच, अशी त्यांची साधी कसोटी होती.

पण दरवाजा खरोखर उघडा असेल तर? इथे रोनाल्ड ड्वर्किन यांची विभागणी उपयोगी पडते. काही कायदेभंग ‘माझ्या सचोटीला हे मान्य नाही’ म्हणून होतो, काही ‘हा कुणाच्या तरी हक्कांवर अन्याय आहे’ म्हणून, आणि काही ‘हे धोरण शहाणपणाचं नाही’ म्हणून. पहिल्या दोन्हींना बहुमतापुढे उभं राहायला जागा आहे, कारण मूलभूत हक्क मतांच्या बेरजेने ठरत नाहीत. तिसऱ्यात अडचण येते. धरण इथे की तिथे, कर किती, हे बहुमताने ठरवायचे विषय आहेत. तिथे इतरांना पटवण्यासाठी कायदा मोडणं एक वेळ समजून घेता येतं. धोरण चालवणं इतकं महाग करायचं की सरकारला नाइलाजाने मागे हटावं लागेल, याला मात्र ड्वर्किन फारसं समर्थन सापडत नाही असं म्हणतात. मला हे बहुतांशी मान्य आहे. तरी धरणाचं उदाहरण घेतलं की लक्षात येतं की ‘धोरण’ म्हणून सुरू झालेली गोष्ट बुडणाऱ्या गावासाठी हक्काचीच होते.

शिवाय काहींना मतच नसतं. पुढच्या पिढ्या, निर्वासित, सीमेपलीकडचे लोक. त्यांच्या वतीने कुणी कायदा मोडला तर ‘निवडणुकीत हरवा’ हे उत्तर पुरत नाही.

कायदेभंग न करण्याचा निर्णयही नैतिक असू शकतो का?

असू शकतो, आणि या विषयावरच्या लिखाणात तो फार कमी तपासला जातो. म्हणून महाडकडे सावकाश पाहू.

मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब आणि हजारो दलित स्त्रीपुरुष चवदार तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. तेव्हा त्यांनी कुठलाही सरकारी कायदा मोडला नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणाऱ्या १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केलेला होता. मोडली ती रूढी. शिक्षा मात्र लगेच झाली: परतणाऱ्या लोकांना लाठ्याकाठ्यांनी मारहाण झाली. चिडलेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही.

डिसेंबरात ते पुन्हा सत्याग्रहासाठी आले. तोवर काही सवर्णांनी तळं खाजगी असल्याचा दावा लावून न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. आता पाणी पिणं म्हणजे कायदा मोडणं होतं. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. त्यानंतर परिषदेत खल झाला. जमलेल्यांपैकी बहुतेक जण तुरुंगात जायला तयार होते. शेवटी बाबासाहेबांनीच सत्याग्रह तहकूब ठेवायचा ठराव मांडला. मग लोकांनी मिरवणूक काढली. तळ्याला वळसा घालून, पाण्याला हात न लावता, ते परतले.

त्या हजारो माणसांच्या पायांपासून पाणी किती अंतरावर असेल, हा विचार मनातून जात नाही. नऊ महिन्यांपूर्वी ते प्यायले होते. आपला हक्क आहे हे त्यांना माहीत होतं. आणि तरी ते वळसा घालून गेले, कारण लढाई रूढीशी होती आणि न्यायालयाने अजून अंतिम निकाल दिलेला नव्हता. सरकारला आणि न्यायालयाला त्याच वेळी विरोधी पक्षात ढकलायचं नाही, हा विचार होता.

याला भीती म्हणता येणार नाही. कायदेभंगाचं समर्थन असणं आणि आत्ता, इथे, तो करणं शहाणपणाचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा निर्णय घ्यायला पहिलीपेक्षा जास्त धैर्य लागू शकतं. किंग यांनीही दोन्ही केलं. बर्मिंगहॅममध्ये १९६३ साली त्यांनी राज्याच्या न्यायालयाचा मनाई हुकूम मोडला. अमेरिकेतल्याच सेल्मामध्ये, मतदानाच्या हक्कासाठीच्या मोर्चात, ९ मार्च १९६५ रोजी संघीय न्यायाधीशाचा हुकूम समोर असताना पुलावर जाऊन, प्रार्थना करून, मोर्चा मागे फिरवला. सोबतच्या बऱ्याच तरुणांना तेव्हा ते रुचलं नाही. आठ दिवसांनी त्याच न्यायाधीशाने मोर्चाला परवानगी दिली.

ज्या कायद्याला विरोध आहे तोच मोडायला हवा का?

नाही. युद्धाला विरोध असेल तर युद्ध ‘मोडता’ येत नाही, म्हणून रस्ता अडवला जातो. मात्र मोडलेला कायदा आणि मागणी यांतलं नातं लांबट असेल तेवढं ते समजावून सांगायचं ओझं वाढतं. मिठाची जादू इथे होती. मूठभर खारट माती उचलली की कायदा मोडला, आणि तो का मोडला हे अडाणी माणसालाही विचारावं लागलं नाही.

अहिंसा अनिवार्य आहे का? मालमत्तेची मोडतोड चालते का?

माणसांना इजा करणाऱ्या कृतीला कायदेभंग म्हणायला मी तयार नाही. तिला दुसऱ्या प्रकारचं समर्थन असू शकेल, उदाहरणार्थ गुलामांच्या बंडाला, पण तो वेगळा विषय आहे. कारण सरळ आहे. ज्याच्या डोक्यात काठी घातली त्याला आपण काही पटवत नसतो.

लोकांना वाटतं की अहिंसा म्हणजे काही न करणं. १९६० मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या उपाहारगृहांत गोऱ्यांसाठी राखीव जागी जाऊन बसणारे विद्यार्थी त्याआधी काही महिने जेम्स लॉसन यांच्याकडे अहिंसक प्रतिकार शिकत होते. तिथे खुर्च्या मांडून खोटं उपाहारगृह उभं करायचे. काही जण खुर्च्यांवर बसायचे, बाकीचे त्यांच्या मागे उभे राहून शिव्या द्यायचे, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे, खुर्चीवरून खाली ढकलायचे. मग भूमिका बदलायच्या. मारणाऱ्याने मार खायचा. मित्राच्याच तोंडून ती शिवी ऐकून आपला हात उचलला जातो का, हे प्रत्येकाला स्वतःबद्दल कळायचं, आणि ज्याला जमणार नाही त्याने दुसरं काम घ्यायचं. प्रत्यक्ष बसताना पाळायचे नियमही लिहून दिलेले होते: उलट मारू नका, शिवी देऊ नका, दार अडवू नका, ताठ बसा, तोंड समोर ठेवा. इतकी तयारी करावी लागते, कारण संताप खरा असतो.

ही शिस्त तुटली तर नेत्याने काय करावं? चौरीचौऱ्याला ४ फेब्रुवारी १९२२ रोजी जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, पोलीस मारले गेले, आणि गांधीजींनी आठवड्याभरात देशभरची कायदेभंगाची मोहीम थांबवली. अनेक सहकाऱ्यांना ते अतोनात खटकलं. एका गावातल्या कृत्याची शिक्षा सगळ्या देशाला का, हा त्यांचा प्रश्न आजही बिनतोड वाटतो. तरीही माझा कल गांधीजींकडे आहे.

मालमत्तेचं उत्तर इतकं सरळ नाही. ब्रिटनमधल्या मताधिकारवादी स्त्रियांनी १९१२ मध्ये लंडनच्या दुकानांच्या काचा हातोड्यांनी फोडल्या. काच फुटणं आणि डोकं फुटणं यांना एकाच मापात मोजणं चुकीचं आहे. पण काच कुणाची, हे विचारलं पाहिजे. ज्या छोट्या दुकानदाराचा कायद्याशी संबंध नाही त्याला भरपाई कोण देणार, याचं उत्तर तयार नसेल तर समर्थन लंगडं पडतं.

लपूनछपून केलेल्या कृतीचं काय?

१८५० च्या अमेरिकी कायद्याने पळालेल्या गुलामांना पकडायला मदत करणं नागरिकांवर बंधनकारक केलं, आणि त्यांना आसरा देणं हा गुन्हा ठरवला. ज्यांनी त्यांना तळघरात लपवलं त्यांनी ते जाहीर करून केलं असतं तर लपलेलाच पकडला गेला असता. रॉल्स यांच्या व्याख्येत हे बसत नाही. कँडिस डेल्मास यांनी २०१८ मध्ये याच कारणासाठी म्हटलं की ‘सविनय’ नसलेली अवज्ञाही समर्थनीय असू शकते, आणि व्याख्येत न बसणारी प्रत्येक कृती निषिद्ध मानणं ही चूक आहे.

हे मला पटतं, आणि माझ्या मूळ म्हणण्याला त्याने धक्का बसत नाही. जाब आजच दिला पाहिजे असं नाही. वाचवलेला माणूस सुरक्षित झाला की ‘होय, मी लपवलं होतं, आणि कारण हे’ असं सांगता येण्यासारखं ते कृत्य आहे.

सगळ्यांनीच असं केलं तर?

सगळ्यांनी गंभीर अन्यायाविरुद्ध, अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर, उघडपणे, हिंसा न करता आणि परिणाम सोसून कायदा मोडला, तर अराजक येणार नाही, सुधारणा लवकर होतील. सगळ्यांनी मनाला येईल तेव्हा मोडला तर येईल. पण त्याचं समर्थन इथे कुणी करत नाही.

ज्यांची मागणीच मला चुकीची वाटते, त्यांनाही हा हक्क आहे का?

हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय या विषयावर मत बनवू नये. आपल्या बाजूचा मोर्चा दिसला की लोकशाही बहरलेली वाटते आणि समोरच्या बाजूचा दिसला की झुंडशाही.

जोसेफ राझ यांनी १९७९ मध्ये इथे एक बारकावा दाखवला. एखादी कृती योग्य असणं आणि ती करण्याचा हक्क असणं यांत फरक आहे. हक्क म्हटला की तो चुकणाऱ्यालाही मिळतो. भाषणाचा हक्क मूर्ख भाषणालाही असतो, तसाच. ज्या राज्यात राजकीय सहभागाचे हक्क खरोखर सुरक्षित आहेत तिथे कायदेभंगाचा असा सरसकट हक्क नाही, असं राझ म्हणतात. तिथे कायदा मोडणं कधीकधी योग्य असेल, पण ते मागणी न्याय्य असेल तरच. किंबर्ली ब्राउनली यांनी २०१२ मध्ये उलट बाजू घेतली: जी माणसं आपल्या श्रद्धेची किंमत मोजायला आणि ती लोकांसमोर मांडायला तयार आहेत, त्यांना कारण चुकीचं असलं तरी काही एक नैतिक हक्क आहे.

मी दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. विरोधकाने रस्त्यावर बसून कायदा मोडला तर त्याची मागणी मला मान्य करायची गरज नाही. पण तो उघडपणे बसला असेल, कुणाला मारत नसेल, आपलं कारण सांगत असेल, तर त्याला गुंड म्हणायचा अधिकारही मला नाही.

कायदा मोडला तर शिक्षा भोगलीच पाहिजे का?

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला गांधीजींवर राजद्रोहाचा खटला चालला. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांपुढे दोनच वाटा ठेवल्या: कायदा चांगला आहे असं वाटत असेल तर मला जास्तीत जास्त शिक्षा द्या, नाहीतर राजीनामा द्या. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देऊन सहा वर्षांची शिक्षा दिली, आणि पुढे सरकारला ती कमी करता आली तर माझ्याइतका आनंद कुणालाही होणार नाही, असं म्हणाले. आरोपी आणि न्यायाधीश दोघांनीही एकमेकांना माणूस म्हणून जाब दिला, असं क्वचित घडतं.

म्हणून शिक्षा स्वीकारण्यात ताकद आहे हे खरं. तिने प्रामाणिकपणा दिसतो, कायद्याच्या राज्याबद्दलची निष्ठा दिसते. पण ते कर्तव्य आहे का? हावर्ड झिन यांनी १९६८ मध्येच विचारलं होतं की कायदा अन्यायाचा होता, तर त्याची शिक्षा न्याय्य कशी झाली? मला झिन यांचा मुद्दा तर्काने बिनतोड वाटतो. जाब देणं बंधनकारक आहे. मान तुकवणं नाही. वकील लावणं, निर्दोष असल्याचं सांगणं, अपील करणं यांत कमीपणा काही नाही.

आणि न्यायालयाने, सरकारने काय करावं?

ड्वर्किन यांनी १९६८ मध्ये म्हटलं की ज्या कायद्याच्या वैधतेबद्दलच प्रामाणिक शंका आहे, तो मोडणाऱ्यांवर खटले भरताना सरकारने हात सैल ठेवावा. कायदा चुकीचा आहे का, हे तपासायची संधी अशा लोकांमुळेच मिळते. युर्गन हाबरमास यांनी १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या क्षेपणास्त्रविरोधी आंदोलनांच्या वेळी लिहिलं की सविनय कायदेभंगाला सरकार कसं सामोरं जातं, यावरून लोकशाही राज्य किती पिकलेलं आहे ते कळतं.

प्रत्यक्षात काय होतं ते बर्मिंगहॅमच्या खटल्यात दिसतं. १९६३ च्या मोर्चासाठी किंग आणि सहकाऱ्यांवर न्यायालयाच्या अवमानाचा ठपका आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की मनाई हुकूम चुकीचा असला तरी आधी तो न्यायालयात रद्द करून घ्यायला हवा होता, मोडायला नको होता. किंग यांनी त्या शरद ऋतूत बर्मिंगहॅमला परत जाऊन तुरुंगवास भोगला. मार्च १९६९ मध्ये त्याच न्यायालयाने, त्याच शहराच्या, मोर्चाला परवाना लागेल असं सांगणाऱ्या त्याच नियमाखाली झालेली दुसऱ्या एका नेत्याची शिक्षा घटनाबाह्य म्हणून रद्द केली. तोवर किंग यांची हत्या होऊन अकरा महिने झाले होते.